बिघाड झाल्यावर विमान कधी दहा मिनिटांत उतरतं, कधी तीन तास घिरट्या घालतं. हे ठरतं कसं?

क्षितिजा_७ (धागाकर्ती)

नमस्कार. उड्डाणानंतर बिघाड होऊन परतलेल्या विमानांच्या बातम्यांत एक गोष्ट मला जुळवता येत नाही. इंजिनाला आग म्हटलं की विमान दहा-पंधरा मिनिटांत खाली येतं. चाकांचा किंवा हायड्रॉलिकचा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा) घोळ असला की तशाच आकाराचं विमान दोन-तीन तास विमानतळाभोवती फिरत राहतं. बातमीत कारण एका ओळीत उरकलेलं असतं: "इंधन कमी करण्यासाठी."

बिघडलेलं विमान इतका वेळ हवेत ठेवणं जास्त धोक्याचं नाही का? जड विमान तसंच उतरवलं तर नेमकं काय मोडतं? आणि इंधन हवेतच सोडून देता येत असेल तर फिरायचं कशाला? "वैमानिक प्रशिक्षित असतात" या पलीकडचं, आकडे आणि यंत्रणांसकट कुणी सांगेल का?

उत्तरवारा

क्षितिजाताई, कॉकपिटमधला पहिला प्रश्न वजनाचा नसतोच. बिघाड आहे तिथे थांबलाय की वाढतोय, हा असतो. आडवं अडकलेलं चाक तीन तासांनीही तसंच आडवं असतं. न विझणारी आग, केबिनमधला धूर, इंधनाची गळती यांत मात्र दर मिनिटाला हातातलं काहीतरी निसटत असतं. थांबलेल्या बिघाडात वेळ वापरून घेतात. वाढत्या बिघाडात बाकी सगळं बाजूला ठेवून चाकं टेकवतात.

एअरबसच्या विमानांत ही विभागणी पडद्यावरच दिसते. "लँड एएसएपी" (लवकरात लवकर उतरा) ही ओळ लाल रंगात आली तर उतरण्याजोगा जो सर्वांत जवळचा विमानतळ असेल तिथे ताबडतोब जायचं. धूर, न विझलेली आग, दोन हायड्रॉलिक यंत्रणा एकदम जाणं, वीजपुरवठा फक्त आपत्कालीन जनित्रावर येणं, ही लाल कारणं. ओळ अंबर रंगात आली तर जवळच्या विमानतळावर उतरण्याचा विचार करायचा. एक इंजिन बंद पडणं यात मोडतं. दोनच इंजिनं असलेल्या विमानाने तेव्हाही वाटेतले सोयीचे विमानतळ मागे टाकत मूळ मुक्कामापर्यंत जायचं नसतं.

आता आगीबद्दल. दहा मिनिटांत उतरले म्हणजे घाईघाईने उतरले असं नाही. उड्डाण होताच आगीची घंटा वाजली तरी ४०० फुटांपर्यंत चाकं वर घेणं आणि घंटा गप्प करणं याखेरीज कशालाही हात लावायचा नसतो. तोवर काम एकच, उरलेल्या इंजिनावर विमान सरळ चढत ठेवणं. दुहेरी इंजिनाच्या विमानाला चाकं वर घेतल्यानंतर एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढण साधता आलीच पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे. ती चढण हातात असल्यामुळेच थांबता येतं.

मग एअरबस ए३२० मध्ये क्रम असा: त्या इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर (जोर कमी-जास्त करणारा दांडा) आयडलला, म्हणजे किमान जोरावर, इंजिन मास्टर स्विच बंद, आगीचं बटण दाबायचं. या एका बटणाने त्या इंजिनाचं इंधन, हायड्रॉलिक, गरम हवा आणि वीज तोडली जाते आणि अग्निशामक बाटल्या तयार होतात. दहा सेकंद थांबून पहिली बाटली. हे थांबणं मुद्दाम आहे. इंजिनाचा पंखा मंदावला नाही तर हवेच्या झोतात बाटलीतला वायू वाहून जातो. तीस सेकंदांनी इशारा कायम असेल तर दुसरी. ए३२० मध्ये प्रत्येक इंजिनाला दोन बाटल्या असतात. बोइंग ७३७ मध्ये दोन्ही इंजिनांना मिळून दोनच, त्यामुळे एका बाजूला दोन्ही वापरल्या की दुसऱ्या बाजूसाठी शिल्लक काही राहत नाही.

लिव्हर किंवा स्विच हलवण्याआधी एक वैमानिक बोट ठेवतो, दुसरा "बरोबर" म्हणतो, मगच तो हलतो. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ७३७-४०० च्या डाव्या इंजिनाचं पातं तुटलं आणि बंद केलं गेलं उजवं, चांगलं असलेलं. ४७ जण गेले. ते बोट आणि ते "बरोबर" यांच्यासाठी लागणारे पाच सेकंद कुणीही वाचवू नयेत.

टॉर्करेंच

जड विमान उतरवलं तर काय मोडतं, या प्रश्नाचं उत्तर: नीट टेकवलं तर बहुतेक वेळा काहीच नाही.

ए३२० च्या एका प्रचलित प्रकारात उड्डाणाचं कमाल वजन ७७ टन आणि उतरण्याचं कमाल वजन ६६ टन आहे. उतरण्याच्या कमाल वजनाला सांगाडा आणि गिअर (चाकं आणि त्यांचे खांब) सेकंदाला १० फूट वेगाने जमिनीवर आपटला तरी टिकावा, असं गणित धरलेलं असतं. उड्डाणाच्या कमाल वजनाला हाच आकडा सेकंदाला ६ फूट. रोजचं चांगलं लँडिंग २ ते ३ फुटांचं असतं. म्हणजे ७७ टनांवर उतरलात तरी निभावतं, फक्त चूक खपवून घेण्याची जागा कमी झाली. विमान थांबल्यावर गिअर, पंखांचे जोड, टायर, इंजिनाचे माउंट यांची ठरावीक तपासणी करावी लागते. किती खोलवर, ते रेकॉर्डरमध्ये टेकण्याचा वेग आणि उभा धक्का किती नोंदला गेला त्यावर.

खरा भार ब्रेकवर येतो. वजन वाढलं की लँडिंगचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ६६ टनांना १३५ नॉट (ताशी सागरी मैल) लागत असतील तर ७७ टनांना सुमारे १४६. गतिज ऊर्जेत वजनही आहे आणि वेगाचा वर्गही, म्हणून ब्रेकनी गिळायची ऊर्जा साधारण ३६ टक्क्यांनी वाढते. चाकाच्या रिममध्ये वितळणारे प्लग बसवलेले असतात. रिम फार तापली की ते वितळतात आणि टायरमधला नायट्रोजन हळूहळू सुटतो. टायर बसतो, पण फुटत नाही. लँडिंगनंतर चाकं सपाट झालेली दिसली की "टायर फुटले" अशी बातमी येते. पुष्कळदा प्लगनी आपलं काम केलेलं असतं. तापलेल्या चाकाजवळ कुणीही बाजूने जायचं नाही, पुढून किंवा मागून जायचं. रिम फुटलीच तर तुकडे आसाच्या दिशेने, म्हणजे बाजूला उडतात.

आता हायड्रॉलिक, कारण घिरट्यांमागे बऱ्याचदा तेच असतं. ए३२० मध्ये हिरवी, पिवळी, निळी अशा तीन स्वतंत्र यंत्रणा, दाब ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). हिरवीचा पंप पहिल्या इंजिनावर, पिवळीचा दुसऱ्यावर आणि जोडीला एक विजेचा. निळी विजेवर, आणि सगळी वीज गेली तर पोटाखालून बाहेर पडणाऱ्या वाऱ्याच्या पंख्यावर.

समजा हिरवीचं तेल गळून गेलं. पहिलं काम म्हणजे तिचा पंप आणि हिरवी-पिवळीला जोडणारं पॉवर ट्रान्सफर युनिट, दोन्ही बंद करणं. हे युनिट तेल इकडून तिकडे नेत नाही, फक्त शक्ती नेतं. दोन्हींतला फरक ५०० पीएसआयच्या वर गेला की ते आपोआप चालू होतं. पलीकडची टाकी रिकामी असेल तर ते कोरडंच धावत राहतं आणि चांगल्या यंत्रणेचं तेलही तापवतं. ते वेळेत बंद केलं नाही तर एका बिघाडाचे दोन होतात.

हिरवी गेली की चाकं वर-खाली करणारी शक्ती गेली, पहिल्या इंजिनाचा रिव्हर्सर (झोत उलटा फिरवून वेग कमी करणारी यंत्रणा) गेला, नेहमीचे ब्रेक गेले. ब्रेकला पिवळीचा पर्याय आहे. पिवळीही गेली तर साठवलेल्या दाबाचा अ‍ॅक्युम्युलेटर उरतो. त्यात किमान सात वेळा पूर्ण ब्रेक दाबण्याइतका दाब असतो, पण अँटिस्किड (चाक घसरू न देणारी यंत्रणा) नसतं. त्यामुळे दाबाच्या काट्याकडे बघत १००० पीएसआयच्या आत दाबायचं आणि पाय उचलायचा नाही. पाय वर-खाली केला की प्रत्येक वेळी साठ्यातला दाब खर्च होतो.

चाकं गुरुत्वाकर्षणाने खाली आणता येतात. दोन वैमानिकांच्या मधल्या पेडेस्टलच्या मागे एक मूठ असते. ती बाहेर ओढून घड्याळाच्या दिशेने तीन पूर्ण फेरे द्यायचे, मग गिअर लिव्हर खाली. दारं उघडतात, गिअर स्वतःच्या वजनाने पडतो आणि लॉक होतो. हायड्रॉलिक नसताना तो परत वर घेता येत नाही, दारंही उघडीच राहतात. म्हणून ही मूठ लवकर फिरवायची नसते. आधी हवामान, धावपट्टी, पर्यायी विमानतळ सगळं ठरवून घ्यायचं. चाकं लोंबत असताना दुसऱ्या विमानतळाकडे जायची वेळ आली तर इंधन झपाट्याने जळतं आणि चढणही मंदावते.

क्षितिजा_७

टॉर्करेंच, घिरट्यांमध्ये चालतं काय ते आता डोळ्यांसमोर आलं. पण इंधनाचा मुद्दा राहिला. ए३२० ला ११ टन जाळायचे तर किती वेळ? आणि थेट सोडून का देत नाहीत?

निळा_हेडसेट

ए३२० किंवा ७३७ ला इंधन सोडण्याची सोयच नसते. ती कुठे लागते हे नियमाने ठरतं. उड्डाण करून लगेच परतलेलं विमान त्याच वजनावर, लँडिंग रद्द करून, एका इंजिनावरही पुरेशी चढण दाखवू शकत असेल तर सोय नसली तरी चालते. लहान विमानांना ते जमतं. ज्यांना जमत नाही त्यांच्या यंत्रणेने १५ मिनिटांत ते जमेल इतकं वजन उतरवलं पाहिजे. नियमाची कसोटी चढण्याची आहे, उतरण्याच्या कमाल वजनाची नाही. इथे भल्याभल्यांची गल्लत होते.

घिरट्या घालताना ए३२० तासाला अडीच टनांच्या आसपास जाळतं. ११ टनांना चार तासांहून जास्त. चाकं आणि फ्लॅप बाहेर काढले तर लवकर. म्हणून केवळ वजनासाठी ११ टन पुरे जाळत कुणी बसत नाही. चेकलिस्ट पूर्ण झाली, धावपट्टी पुरेशी असली की जास्त वजनावरच उतरतात. तीन तास फिरणाऱ्या विमानाला दुसरंही काहीतरी साधायचं असतं.

मोठ्यांचं गणित वेगळं. बोइंग ७७७-३०० ईआर चं उड्डाणाचं कमाल वजन ३५१.५ टन, उतरण्याचं २५१.३. फरक शंभर टनांचा. पंखांच्या टोकांजवळच्या नळ्यांतून मिनिटाला दोन टनांहून जास्त इंधन बाहेर पडतं, तरी पूर्ण फरक उतरवायला पाऊण तास लागू शकतो. यंत्रणा चुकून टाक्या रिकाम्या करू शकत नाही: समुद्रसपाटीपासून १०,००० फूट चढून पुढे ४५ मिनिटं उडता येईल इतकं इंधन राखूनच ती बनवलेली असते.

आमच्या बाजूने, म्हणजे एटीसीकडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून), इंधन सोडणाऱ्या विमानाला शक्यतो ६,००० फुटांच्या खाली ठेवत नाहीत, म्हणजे फवारा जमिनीवर पोचण्याआधी बहुतेक वाफ होऊन जातो. इतर विमानं आडवी किमान १० नॉटिकल मैल दूर; मागे १५ मिनिटं किंवा ५० मैलांच्या आत असलेल्यांना, वरून जात असतील तर १,००० आणि खालून जात असतील तर ३,००० फुटांचं अंतर. उंची का महत्त्वाची ते १४ जानेवारी २०२० ला दिसलं. लॉस एंजेलिसला परतणाऱ्या एका ७७७ ने उतरताना कमी उंचीवर इंधन सोडलं आणि ते शाळांच्या मैदानांवर मुलांच्या अंगावर पडलं.

रेडिओवरचे शब्दही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. "मेडे" तीनदा म्हणजे जिवाला धोका, लगेच मदत हवी. "पॅन-पॅन" तीनदा म्हणजे गंभीर आहे, पण या क्षणी जीव धोक्यात नाही. सोबत ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर) ७७०० हा आपत्कालीन संकेतांक. त्यानंतर आम्ही विचारतो ते विमानात माणसं किती आणि इंधन किती वेळाचं किंवा किती वजनाचं. हे दोन आकडे अग्निशमन दलाला हवे असतात. बाकी प्रश्न विचारून वैमानिकाला बोलण्यात गुंतवायचं नाही, तो सवड मिळाली की सांगतो.

कर्णरेषा

"दुसरंही काहीतरी" याचं स्वच्छ उदाहरण म्हणजे २१ सप्टेंबर २००५ ची जेटब्लू २९२. ए३२०, पुढची चाकं ९० अंश आडवी वळून अडकलेली, विमानात १४६ जण. सुमारे तीन तास लॉस एंजेलिसच्या परिसरात राहून इंधन जाळलं. हलकं विमान कमी वेगाने टेकतं आणि पुढचं चाक जास्त वेळ हवेत धरून ठेवता येतं, त्यामुळे ते जमिनीवर घासत जाण्याचं अंतर कमी होतं. रिव्हर्स थ्रस्ट वापरला नाही. टायर जळाले, रिम घासून अर्धी झाली, कुणालाही इजा नाही.

याच्या उलट टोकाला ४ नोव्हेंबर २०१० ची क्वांटास ३२. सिंगापूरहून निघालेलं ए३८०, ४६९ माणसं. चार मिनिटांत, ७,००० फुटांवर दुसऱ्या इंजिनाची टर्बाइन डिस्क फुटली. मूळ कारण तेलाची एक छोटी नळी: आतलं छिद्र मध्यापासून सरकून कोरलं गेलं, एका बाजूची भिंत पातळ राहिली, तिला तडा गेला, तेल गळून आग लागली आणि डिस्क कमजोर झाली. तुकड्यांनी पंखातल्या वायरी आणि नळ्या कापल्या.

कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच वैमानिक होते. पडद्यावर इतके संदेश आले की पहिल्या फेरीच्या चेकलिस्ट संपवायलाच सुमारे ५० मिनिटं लागली. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लँडिंगच्या अंतराचा हिशोब. पहिल्यांदा सगळे बिघाड टाकले तेव्हा प्रणालीने उत्तरच दिलं नाही. मग त्यांनी एकेक नोंद तपासली आणि जी तिथे लागू नव्हती, म्हणजे ओली धावपट्टी, ती काढली, कारण धावपट्टी कोरडी होती. तेव्हा उत्तर आलं: ४,००० मीटरच्या धावपट्टीवर थांबता येईल, सुमारे १०० मीटर उरतील. उतरण्याच्या कमाल वजनापेक्षा कितीतरी जास्त वजनावर टेकून विमान शेवटापासून साधारण १५० मीटरवर थांबलं. धूर नव्हता, आग पसरत नव्हती, म्हणून पावणेदोन तास देता आले.

उत्तरवारा, एका ठिकाणी थोडी भर घालतो. इंधनगळती वाढत्या बिघाडात आहेच, पण ती अनेकदा गळती म्हणून दिसत नाही. दिसतं ते डाव्या-उजव्या टाक्यांतलं असंतुलन. ते मिटवायला क्रॉसफीड (दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारा व्हॉल्व्ह) उघडला की चांगल्या टाकीतलं इंधनही गळक्या बाजूने जातं. २४ ऑगस्ट २००१ ला एअर ट्रान्सॅट २३६ चं तसंच झालं. उजव्या इंजिनाची इंधननळी हायड्रॉलिकच्या नळीवर घासून फाटली होती. दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ए३३० सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्समधल्या लाजेस तळावर पोचलं. ३०६ जण वाचले. म्हणून असंतुलनाची चेकलिस्ट उघडण्याआधी एक बेरीज करायची: टाक्यांत शिल्लक आणि इंजिनांनी आतापर्यंत जाळलेलं, मिळून निघतानाच्या आकड्याइतकं येतं का? येत नसेल तर क्रॉसफीडला हात लावायचा नाही.

उत्तरवारा

कर्णरेषा, मान्य. गळतीची बेरीज मी लिहायलाच हवी होती.

धुराबद्दल राहिलेलं. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११, एमडी-११, न्यूयॉर्कहून जिनिव्हाकडे. कॉकपिटमध्ये वास आल्यापासून समुद्रात कोसळेपर्यंत साधारण २१ मिनिटं, २२९ मृत्यू. कॅनडातल्या हॅलिफॅक्सकडे वळल्यावर उंची कमी करणं आणि इंधन सोडणं, यासाठी विमान धावपट्टीपासून दूर नेलं होतं. चौकशीचा निष्कर्ष असा की वास येताच सरळ उतरायला निघाले असते तरी ते पोचलं नसतं, आग छताच्या आत तोवर पसरली होती. त्यामुळे त्या वैमानिकांना दोष देणं अन्यायाचं आहे. पण उगम न सापडलेल्या धुरात इंधन सोडण्यासाठी थांबायचं नाही, हा धडा त्यातून पक्का झाला. जास्त वजनाच्या लँडिंगनंतर एक तपासणी करावी लागते, एवढीच त्याची किंमत.

टॉर्करेंच

आणि चाकं टेकली की काम संपत नाही. १९ ऑगस्ट १९८० ला रियाधमध्ये सौदिया १६३ आग लागलेल्या अवस्थेत सुखरूप टेकलं, पण धावपट्टीवरच थांबवून लगेच दारं उघडण्याऐवजी टॅक्सीवेवर (धावपट्टीला जोडलेल्या रस्त्यावर) नेलं गेलं. ३०१ पैकी कुणीही वाचलं नाही.

क्वांटास ३२ मध्ये याच्या उलट निर्णय झाला आणि तोही बरोबर ठरला. ब्रेक ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले, डाव्या पंखातून इंधन गळतंय, आणि वायरी कापल्या गेल्यामुळे पहिलं इंजिन बंदच होत नव्हतं. ते सुमारे तीन तास चालू राहिलं. अशा वेळी घसरगुंड्या उघडल्या असत्या तर लोक इंधनाच्या तळ्यात आणि चालू इंजिनाजवळ उतरले असते. फेस मारून चाकं निवू दिली, प्रत्येक दारावर कर्मचारी तयार ठेवले आणि उजव्या बाजूने जिन्यावरून लोकांना उतरवलं. कुणालाही इजा नाही.

क्षितिजाताई, प्रवाशाच्या बाजूने एवढंच धरून ठेवा: प्रमाणीकरणाच्या चाचणीत अर्धीच दारं वापरून ९० सेकंदांत विमान रिकामं करून दाखवावं लागतं, आणि त्या चाचणीत कुणी वरच्या कप्प्यातून बॅग काढायला थांबत नाही.